गुरुवारच्या बाजाराची जागा: चाकण पट्ट्यातल्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकणच्या कारखान्यांपासून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत असलेलं हे गाव. गाव, माणसं आणि विकसक यांची ओळख इथे दिलेली नाही. आकडेही गाव ओळखू येऊ नये इतपत मागेपुढे केले आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास होती. आज नेमकी किती, हे ग्रामसेवकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मतदारयादी एक सांगते, रेशनकार्डं दुसरं सांगतात आणि सकाळी कंपनीच्या बससाठी उभी असलेली गर्दी तिसरंच. लातूर, नांदेड, परभणीकडची, तशीच बिहार-उत्तर प्रदेशातली कंत्राटी कामावरची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. गावठाणालगत ज्याची म्हणून जागा होती त्याने दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग काढली. चार खोल्यांमागे एक संडास, पाणी सकाळी तासभर, भाडं मात्र वेळच्या वेळी. शेतीपेक्षा या खोल्यांवर चालणारी घरं गावात बरीच आहेत. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

एसटी थांब्यासमोर, गावात शिरणाऱ्या रस्त्याला लागून तीन एकरांचा मोकळा तुकडा होता. सातबाऱ्यावर चार भावांची नावं. वीस-बावीस वर्षं दर गुरुवारी तिथे आठवडे बाजार भरत आला. आसपासच्या वाड्यांवरून बायका मेथी, शेपू, गवार, घेवडा घेऊन यायच्या. सुकट-बोंबीलवाले, मसाल्याचे, बांगड्यांचे, कपड्यांचे, चपला शिवणारे, भेळवाले असा सगळा संसार सकाळी पालं ठोकून उभा राहायचा आणि दिवेलागणीनंतर उठायचा. जागा कुणी कागदावर वाटून दिलेली नव्हती, तरी कुणाचं पाल कुठे हे ठरलेलं असे. चिंचेच्या बुंध्यापाशी चार चपटे दगड रोवलेले होते. ती सुक्या मासळीवाल्या एका मावशींची जागा. त्यांच्या सासूपासूनची. त्या एखाद्या गुरुवारी आल्या नाहीत तरी त्या दगडांच्या आत दुसरं कुणी बसत नसे.

बाजाराच्या पावत्या फाडण्याचा ठेका ग्रामपंचायत दरसाल लिलावाने द्यायची. त्यातूनच चार भावांना वर्षाकाठी थोडी रक्कम ‘जागाभाडं’ म्हणून दिली जायची. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या टपऱ्या होत्या: वडापाव, सलून, मोबाइल, पंक्चर, चिकन. त्यांचं भाडं थेट भावांकडे.

म्हणजे या गावात ‘दुकानदार’ तीन तऱ्हेचे होते. गावठाणातले पक्के दुकानदार, म्हणजे किराणा, हार्डवेअर, मेडिकल, कृषी सेवा केंद्र. दुसरे टपरीवाले. आणि तिसरे गुरुवारी पाल ठोकणारे, ज्यांच्यातले निम्म्याहून जास्त या गावचे मतदारच नव्हते. पुढच्या सगळ्या भांडणात हे तिघं एकाच नावाने ओळखले गेले. या प्रकरणाची मेख तिथेच आहे, असं मला वाटतं.

अडचण

चार भावांनी एका विकसकाशी विकसन करारनामा केला. जागेवर फलक लागला तेव्हा गावाला कळलं. सुमारे २२० सदनिका, बहुतेक वन आरके आणि वन बीएचके, गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यात कायम झालेली आणि आता बायकामुलांना गावाकडून आणू पाहणारी माणसं. पहिल्या नकाशात रस्त्याच्या बाजूला दुकानं नव्हती. तिथे कुंपणाची भिंत, फाटक आणि वाहनतळ होता.

गाव पेटलं. व्हॉट्सअॅप गटावर ‘आधी बाजार, मग घरं’ हे वाक्य फिरायला लागलं. भावांना ‘गावाचा बाजार विकला’ असं तोंडावर ऐकवलं गेलं. त्यातल्या धाकट्याचं म्हणणं साधं होतं: जमीन आमची, बाजार आम्ही उपकार म्हणून भरू दिला, आता चौघांच्या वाटण्या व्हायच्या आहेत आणि मोकळ्या जमिनीची वाटणी करून कुणाच्याच हाती काही लागत नाही. यात खोटं काही नव्हतं.

विरोधामागे काय काय होतं ते उलगडून पाहायला हवं. बाजार मोडेल ही भीती खरी होती. पाण्याची भीती त्याहून खरी होती. ‘बाहेरचे’ येऊन मतदारयादी बदलतील ही कुजबूज होती, ती ग्रामपंचायत निवडणुकीच्या हिशेबातून आलेली. टपरीवाल्यांना पोटाची चिंता होती. आणि एक कारण उघडपणे कुणीच बोललं नाही. वन आरके सदनिका बाजारात आल्या, की दहा बाय दहाच्या खोल्यांची भाडी पडणार. विरोध समितीत पुढे असलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या खोल्या होत्या. ते लबाड होते असं नाही. पण बाजार वाचवण्याचा कळवळा आणि खोल्यांचा हिशेब एकाच तोंडातून बोलत होता.

गंमत म्हणजे पक्क्या दुकानदारांना या घरांचा फायदाच व्हायचा होता. २२० कुटुंबं म्हणजे रोजचं दूध, किराणा, गोळ्या-औषधं, शाळेच्या वह्या. खोलीत तिघं-चौघं मिळून राहणारा कंत्राटी मुलगा मेसमध्ये जेवतो, त्याचा किराणा तो कितीसा? तरीही एक दिवसाच्या ‘गाव बंद’मध्ये सर्वांत आधी शटर खाली आलं ते किराणावाल्यांचंच. तळमजल्यावर एखादं मोठं सुपर मार्केट येईल अशी आवई उठली होती, त्याचा हा परिणाम. नकाशात एकही दुकान नव्हतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

समोर आलेले पर्याय

पहिला आणि सर्वांच्या तोंडी असलेला पर्याय म्हणजे ग्रामसभेचा ठराव. १ मेच्या ग्रामसभेत गणपूर्ती सहज झाली. कायद्याने एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती लागते. इथे मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. एका तरुणाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असा फलक आणला होता. घोषणा गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची. पण मेंढा अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात आहे, तिथे अशा भागातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा लागू होतो आणि ग्रामसभेला त्यातून वेगळी ताकद मिळते. पुणे जिल्ह्यातही आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांना पेसा लागू आहे, त्यामुळे ‘शेजारच्या तालुक्यात चालतं, मग आपल्याकडे का नाही’ असा समज पसरला होता. हे गाव त्या क्षेत्रात नव्हतं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये झालं तेव्हापासून या भागातली बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात राहिलेली नाही, आणि खासगी, निवासी वापर मान्य असलेल्या जमिनीवरची परवानगी केवळ ठरावाने अडत नाही. ठराव एकमताने झाला. त्याने गावाचं मत नोंदलं गेलं, काम थांबलं नाही.

दुसरा पर्याय वहिवाटीच्या हक्काचा. वीस वर्षांहून जास्त काळ बाजार भरतोय, म्हणजे हक्क झाला, असं एका वकिलाने सुचवलं होतं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मध्ये वीस वर्षांच्या वापराने सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याची जागा ठरावीक कामासाठी वापरण्याचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे खरी. त्यासाठी समितीने ग्रामपंचायतीच्या दप्तरातून जुने कागद काढले आणि बाजार किती जुना आहे ते दाखवणाऱ्या जागाभाड्याच्या पावत्या सापडल्या म्हणून आनंदात त्या दुसऱ्या वकिलाकडे नेल्या. त्याने त्या चाळल्या आणि फाइल मिटून परत दिली. भाडं दिलं, म्हणजे मालकाच्या परवानगीने वापर केला, आणि परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क उभा राहत नाही. पुरावा म्हणून जे शोधलं त्यानेच दावा संपवला.

तिसरा पर्याय आरक्षणाचा. विकास आराखड्यात त्या जागेवर बाजाराचं आरक्षण टाकून घ्यायचं. प्राधिकरणाच्या प्रारूप आराखड्यावर २०२१ मध्ये हरकती-सूचना मागवल्या होत्या. तेव्हा गावाने जोर लावला तो रस्त्यात जाणाऱ्या जमिनींसाठी. बाजार कुणाच्या डोक्यातही नव्हता, कारण तो तर ‘आहेच’. शिवाय आरक्षण पडलं तरी जमीन कुणीतरी पैसे देऊन घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवण्याच्या मार्गाला लागू शकतो. ग्रामपंचायतीने स्वतः जमीन घ्यावी म्हटलं, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या दुप्पट ते चौपट जातो. चाकण पट्ट्यातले भाव पाहता हा विषय दोन मिनिटांत संपला.

चौथा पर्याय गायरानाचा. गावाचं थोडं गायरान अर्धा-पाऊण किलोमीटरवर आहे. पण जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी जुलैत निर्णय काढून गायरानाच्या वाटपावर कडक बंधनं घातली. सार्वजनिक कामासाठी, दुसरी जागा नसेल तर, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव, असा तो रस्ता. अशक्य नाही, पण वेळखाऊ.

पुण्यातल्या मगरपट्ट्यासारखं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच विकास करावा, असंही कुणी बोललं. तिथे चारशे एकरांहून जास्त जमीन एकत्र आली होती. इथे तीन एकर, आणि चार भाऊ आधीच सही करून बसलेले.

राहिला शेवटचा पर्याय, वाटाघाटींचा. तो सर्वांत शेवटी सुचला आणि त्याला ‘फितुरी’ हे नाव आधी मिळालं.

पाण्याचा कागद

वाटाघाटींना बळ आलं ते ठरावामुळे नाही. ते गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी केलेल्या हिशेबामुळे आलं. गुरुजींनी ग्रामसभेत भाषण केलं नाही. त्यांनी शाळेच्या वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या आणि ते पान सरपंचबाईंच्या हातात दिलं.

जलजीवन मिशनची, म्हणजे केंद्राच्या घरोघरी नळाच्या कार्यक्रमातली, गावची पाणीयोजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखलेली असते. सहा हजार माणसांचं झालं ३ लाख ३० हजार लिटर. इमारतीतल्या घरांसाठी माणशी १३५ लिटर धरायचा प्रघात आहे. २२० घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे १ लाख ४८ हजार ५०० लिटर. गावाच्या सगळ्या योजनेच्या जवळजवळ निम्मं पाणी एका कुंपणाच्या आत. आणि सहा हजार हा आकडा २०११ चा. खोल्यांमधली माणसं त्यात नाहीतच.

या तीन ओळींनी चर्चेचा सूर बदलला. बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीची नसली, तरी गावच्या योजनेतून नळजोड द्यायचा की नाही हा निर्णय तिचा होता. विकसकाच्या माणसाने आधी ‘आम्ही बोअर घेऊ’ म्हणून विषय झटकला. पण त्या शिवारातल्या बोअरना मार्चनंतर काय होतं हे त्याला चारी भावांनीच सांगितलं असणार, कारण पुढच्या बैठकीला तो स्वतः आला आणि पाण्यापासूनच बोलायला लागला.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. नळजोडाच्या बदल्यात काय मागायचं? समितीतल्या काहींचं मत होतं की काहीच मागू नये, पाणी नाहीच द्यायचं, प्रकल्प आपोआप मरेल. सरपंचबाईंचं म्हणणं होतं की टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या याच पट्ट्यात डझनांनी उभ्या आहेत. प्रकल्प मरणार नाही, फक्त गावाचा त्यातला शब्द जाईल. सरपंचबाई बरोबर होत्या, असं माझं मत आहे. शिवाय घरपट्टीचा मुद्दा होता. भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, आकारणी सुरू झाल्यापासून अशा इमारतींची घरपट्टी हा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार ठरतो. मात्र विकास शुल्क प्राधिकरणाकडे जातं आणि कचरा, दिवे, गटार ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतं. हे दोन्ही हिशेब एका कागदावर मांडून ग्रामसभेपुढे ठेवायला हवे होते. ते ठेवले गेले नाहीत.

काय केलं

तीन बैठकांनंतर समझोता झाला. विकसकाने नकाशा बदलून रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर २२ गाळे काढायचे. रस्ता पुरेसा रुंद असेल तर निवासी पट्ट्यातही तळमजल्यावर दुकानं चालतात, त्यामुळे नियमांची अडचण नव्हती. गाळे देताना स्थानिकांना प्राधान्य द्यायचं. पावसाचं पाणी जिरवण्याची आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय त्याने करायची, आणि गावच्या योजनेतून फक्त पिण्यापुरतं पाणी मिळेल. बाजारासाठी त्याने दुसऱ्या जागेवर मुरूम टाकून द्यायचा.

ही ‘दुसरी जागा’ ग्रामपंचायतीचीच होती, ओढ्याच्या पलीकडे, स्मशानभूमीच्या रस्त्यावर. तिथे एसटी थांबत नाही, सावली नाही, पाण्याचा नळ नाही. ती निवडली कारण ती तयार होती आणि कुणी हरकत घेणार नव्हतं. हरकत घेणाऱ्या बायका त्या बैठकीत नव्हत्या. त्यांचा गुरुवार बाजारात जातो आणि बैठक गुरुवारीच संध्याकाळी झाली, कारण विकसकाच्या माणसाला तीच वेळ सोयीची होती.

कुणीतरी बैठकीत विचारलं होतं, की इमारतींमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, मग गुरुवारचा बाजार त्या जागेतच का नको? एवढ्या भूखंडात ती साधारण १,२०० चौरस मीटर येते. प्रश्न हुशारीचा होता. पण ती जागा तिथल्या रहिवाशांच्या खेळण्या-बसण्यासाठी असते. तिथे गावचा बाजार भरवता येत नाही. उत्तर बरोबर मिळालं. वाईट एवढंच झालं की, त्या प्रश्नाबरोबर ‘बाजार रस्त्यालगतच राहिला पाहिजे’ ही मागणीही खाली बसली. पुढच्या मोकळ्या पट्ट्यात, गाळ्यांसमोर, गुरुवारपुरते ओटे किंवा पालं बसू द्यावीत, हे कुणी कागदावर मागितलंच नाही.

समझोता मुद्रांकावर टंकला, सरपंच आणि विकसक यांच्या सह्या झाल्या, नोटरी झाली. पेढे वाटले गेले. करारात ‘स्थानिक’ म्हणजे कोण ते लिहिलेलं नव्हतं. गाळ्याचं क्षेत्रफळ नव्हतं. किंमत नव्हती. भाड्याने की विकत, तेही नव्हतं. प्राधान्य किती दिवस, हेही नाही. ‘प्राधान्य’ हा एकच शब्द होता आणि त्यावर सगळे घरी गेले.

निष्पत्ती

परवानगी मिळाली, महारेरा या गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाकडे नोंदणी झाली, इमारती उभ्या राहिल्या. पाण्याच्या अटी बऱ्याच अंशी पाळल्या गेल्या, आणि त्या पाळल्या गेल्या कारण जोड ग्रामपंचायतीच्या हातात होता, करार नव्हे.

गाळे निघाले ते ३०० चौरस फुटांच्या पुढचे. विकसकाने गावात दवंडी दिल्यासारखा संदेश पाठवला, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि सांगितलेल्या किमतीला गावातले तिघंच पुढे आले. दोघं आधीपासूनचे मोठे दुकानदार, एक खोल्यावाला. बाकीचे गाळे पिंपरी-चिंचवडच्या गुंतवणूकदारांनी घेतले आणि भाड्याने दिले. आज तिथे मेडिकल, बेकरी, पॅथॉलॉजी लॅब, मोबाइलचं दालन, दुधाची डेअरी आहे. टपरीवाल्यांपैकी सलूनवाला एका गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात भाड्याने आला. वडापाववाला आता हातगाडीवर आहे. बाकीचे पांगले.

गावठाणातल्या किराणावाल्यांचा धंदा वाढला. जे होणार होतं तेच झालं.

बाजार ओढ्यापलीकडे गेला आणि आठवड्यागणिक विरळ होत गेला. भाजीच्या पाट्या घेऊन एसटीने उतरणाऱ्या बाईला ते अंतर चालणं जड होतं, रिक्षा परवडत नाही. कपडेवाले, बांगडीवाले पहिल्या पावसाळ्यानंतर आलेच नाहीत. पावत्यांचा ठेका पुढच्या वर्षी निम्म्या बोलीला गेला.

मग उरलेले हळूहळू मूळ रस्त्यावर परतले. गुरुवारी चारनंतर, नव्या गाळ्यांसमोर, कुंपणाला टेकून. गिऱ्हाईक तयार होतं: वरच्या मजल्यावरच्या बायका पिशव्या घेऊन खाली यायच्या. ज्या घरांना गावाने विरोध केला होता त्याच घरांनी गुरुवारचा बाजार पुन्हा धरला. तक्रार आली ती गाळेवाल्यांची. दुकानासमोर पाल, गाड्या लावायला जागा नाही, बोंबलांचा वास. तक्रारअर्जावरच्या सह्यांमध्ये ‘आधी बाजार, मग घरं’ म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही सही होती. आता त्याचा तिथे गाळा आहे.

पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा इथे उपयोगी पडला नाही. तो महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती अशा नागरी संस्थांच्या हद्दीसाठी आहे. ग्रामपंचायतीतल्या पालवाल्याला त्याचं संरक्षण नाही. शेवटी ग्रामपंचायतीने गुरुवारी चार ते नऊ रस्त्याच्या एका बाजूला वाहनं लावायची नाहीत असा ठराव केला आणि पांढऱ्या पट्ट्याने ४० जागा आखल्या. मासळीवाल्यांना कोपऱ्यावर, गटाराच्या तोंडाशी जागा मिळाली. चिंचेपाशी बसणाऱ्या मावशी आता येत नाहीत. त्यांची सून शेजारच्या गावच्या बाजारात बसते. गायरानावर कायमच्या बाजारतळाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने पाठवला आहे. तो अजून तहसीलकडे फिरतो आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सुरुवातीचा आठवडा. फलक लागल्याबरोबर गावाने नकाशा मिळवून पाहायला हवा होता. सुपर मार्केटची अफवा तिथेच विरली असती आणि दुकानदारांचं बळ चुकीच्या लढाईत गेलं नसतं. सात-आठ जणांनी एका गुरुवारी बाजारात फिरून कोण कुठून येतो, काय विकतो, किती जागा लागते याची यादी केली असती, तर ‘बाजार’ या शब्दामागे कोण उभं आहे ते सर्वांना दिसलं असतं. वही-पेनाचं, एका सकाळचं काम. ही यादी झाली असती तर ओढ्यापलीकडची जागा पहिल्याच बैठकीत बाद झाली असती, कारण बहुतेक विक्रेते एसटीने येतात हे त्यात पहिल्या पानावरच निघालं असतं.

सर्वांत महागात पडला तो क्रम. आधी दोन-अडीच महिने ठराव, बंद, वहिवाटीचा दावा यात गेले आणि वाटाघाटी बुकिंग तोंडावर आलं तेव्हा सुरू झाल्या. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे एकदा सदनिका विकायला लागलं, की मंजूर नकाशात मोठे बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. म्हणजे तळमजला, गाळ्यांचा आकार, समोरचा मोकळा पट्टा, जे काय बदलून घ्यायचं ते पहिलं बुकिंग होण्याआधी. या गावाला ती खिडकी थोडीशी मिळाली, त्यातून २२ गाळे निघाले. लहान गाळे मागायला वेळ उरला नाही, असं समितीतले सांगतात. मला वाटतं वेळ होता, प्रश्न सुचला नाही. शंभर-सव्वाशे चौरस फुटांचा गाळा आणि तीनशेचा गाळा यांत फरक नुसता आकाराचा नाही. पहिला टपरीवाल्याचा असतो, दुसरा गुंतवणूकदाराचा.

करार ग्रामपंचायतीने विकसकाशी केला, पण जमीन भावांची होती आणि त्यांच्या हिश्श्यात काही गाळे येणारच होते. त्यांना गावाने वैरी ठरवून बैठकीबाहेर ठेवलं. थोरल्या भावाने एकदा पारावर बोलता बोलता म्हटलं होतं, की आमच्या वाट्याचे गाळे आम्ही जुन्या टपरीवाल्यांना भाड्याने द्यायला तयार होतो, विचारलं कुणी? भावकीतल्याच एखाद्या वडीलधाऱ्याने चौघांना चहाला बोलावून ही गोष्ट निघाली असती. टपरीवाल्यांनी नुसतं भाड्याने मागितलं असतं, दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार आणि ठरलेली भाडेवाढ एवढंच, तर त्यांच्यातले पाच-सहा जण आज तिथेच असते. पण मागणी झाली ती मालकीची, आणि मालकी त्यांना परवडणारी नव्हती.

गुरुवारच्या पालांसाठी काय मागता आलं असतं? रस्त्यालगतच्या सामासिक अंतरातला, म्हणजे रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये मोकळा सोडावा लागतो तो, पट्टा गुरुवारी दुपारनंतर खुला ठेवण्याची अट, तिथे दोन नळ आणि एक संडास, आणि ही अट गाळेधारकांच्या व सदनिकाधारकांच्या करारांतही उतरवून घेणं. नियमांत ती पूर्णपणे बसली असती का, हे वास्तुविशारदाला विचारून ठरवावं लागलं असतं. पण आज जी पांढऱ्या पट्ट्यांची सोय आहे ती ग्रामपंचायतीच्या मर्जीवर आहे. पुढच्या निवडणुकीत गाळेवाल्यांच्या बाजूचं पॅनेल आलं तर ते पट्टे पुसले जाऊ शकतात.

आणि घरं. या सगळ्या चर्चेत घर हवं असलेला माणूस कधी बोललाच नाही. परभणीहून आलेला, कारखान्यात कायम झालेला, बायकोला आणि शाळेच्या वयाच्या मुलीला आणायचं म्हणून वन बीएचके शोधणारा माणूस त्याच गावात, विरोध करणाऱ्याच्याच खोलीत, चार वर्षं भाडं भरत होता. त्याचं मतदान गावाकडे, त्यामुळे ग्रामसभेत त्याला जागा नाही. अशा भाडेकरूंची एक वेगळी बैठक ग्रामपंचायतीला घेता आली असती. त्याला कायद्याची आडकाठी नाही. सरपंचबाईंना मी हे विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांनाही हे सुचलं होतं, पण मग खोल्यांच्या संडासाचा विषय निघाला असता, आणि समितीतल्या कुणालाच तो नको होता.